पाठ झालं, पण ट्रक सुटेना

सोलापुरातून, साखर पेठेतून एका आईचं पत्र आलंय. थोडं कमी करून देते:

‘मावशी, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे, एकुलता एक. त्याच्या आत्यानं पुण्याहून मैत्री आणि शेअरिंग शिकवणारी इंग्रजी यमकांची चार-पाच चित्रांची पुस्तकं आणून दिली. रोज रात्री वाचते. त्यातलंही एकच पुस्तक त्याला रोज लागतं, मला आता ते डोळे मिटून म्हणता येतं. त्यालाही सगळं पाठ आहे. पण शेजारचा मुलगा खेळायला आला की पुस्तकातलं सगळं विसरतो. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, पण दोघांची घट्ट गट्टी आहे. परवा यानं गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेला ट्रक डोक्यावर धरला आणि “शेअरिंग इज केअरिंग” असं ओरडत घरभर पळाला, आणि त्या पोराला ट्रकला बोटही लावू दिलं नाही. सासूबाई म्हणतात, पुस्तकं कसली वाचतेस, दोन रट्टे दे. मला वाटतं मीच कुठं तरी कमी पडते. मराठीत अशी यमकांची पुस्तकं आहेत का? नावं सांगाल? की पुस्तकानं असलं काही होतच नसतं?’

अगं, आधी माफ कर, पत्र वाचून मी मोठ्यानं हसले. ट्रक डोक्यावर आणि तोंडात शेअरिंग इज केअरिंग! हसून झाल्यावर वाटलं, हे दृश्य मी एकतीस वर्षं बालवाडीत बघितलंय. फक्त तेव्हा घोषणा वेगळी होती. ‘आम्ही सारे भाऊ भाऊ’ असं काहीतरी आम्ही पोरांकडून रोज म्हणवून घ्यायचो आणि म्हणून झालं की हे भाऊ-भाऊ एकाच लाल ठोकळ्यासाठी एकमेकांचे केस उपटायचे.

तुझा मुलगा खोटं वागत नाहीये, आणि तू कमी पडत नाहीयेस. त्याला एक ओळ आवडली, ती नाचरी आहे, ती त्यानं पाठ केली. आपण तरी आरत्या कुठं अर्थ लावून म्हणतो? टाळ्या वाजवायला बरं वाटतं म्हणून म्हणतो. त्या ओळीचा ट्रकशी काही संबंध आहे हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही, कारण त्या ओळीत ट्रकचं काय करायचं ते सांगितलेलंच नाही. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

शेअर हा शब्द बघ. इंग्रजीत तो एकच पिशवी आहे, तिच्यात सगळं कोंबतात. आपल्याकडं तसा एक शब्द नाही, आणि मला ते फार बरं वाटतं. शेंगदाण्याचा लाडू असला तर आपण म्हणतो ‘वाटून खा’. ट्रक असला तर म्हणतो ‘खेळायला दे’. तीनचाकी सायकल असली तर ‘पाळीपाळीनं’. आणि गच्चीवर झोपताना दोघांत एकच चादर असली तर ‘दोघं मिळून घ्या’. मोठ्यांना ही चार वाक्यं सारखीच वाटतात. चार वर्षांच्या मुलासाठी हे चार वेगळे पेपर आहेत. लाडू दिला की गेला, पोटात गेला, परत येणार नाही. पण निम्मा उरतो आणि तो डोळ्यांना दिसतो, म्हणून हा पेपर तसा सोपा. ट्रक दिला की परत येतो. पण तो येईल हे तुला माहीत आहे, त्याला नाही. त्याच्या हिशेबात हातातून गेलं म्हणजे गेलं. सायकलच्या पाळीत तर ‘थोड्या वेळानं’ नावाची गोष्ट आहे, आणि सव्वाचार वर्षांच्या मुलाचा थोडा वेळ म्हणजे तुझा अर्धा दिवस. चादरीचं सगळ्यात अवघड, कारण तिथं दोघांनी एकाच वेळी मागंपुढं व्हायचं असतं. ते कित्येक नवराबायकोंनाही जमत नाही.

मग पुस्तकात ससा एका पानावर गाजर मोडून देतो, दुसऱ्यावर झोका सोडतो, तिसऱ्यावर चेंडू देऊन टाकतो आणि सगळ्याला एकच नाव. पोरानं त्यातनं घ्यायचं काय? तू आजपासून घरात ‘शेअर कर’ म्हणणं सोड. ‘निम्मं दे’ म्हण, ‘खेळायला दे, तो परत देईल’ म्हण, ‘आता तुझी, मग त्याची पाळी’ म्हण. नुसते शब्द बदललेस तरी निम्मी भांडणं कशावरून आहेत ते त्याला कळेल.

आणि बघ, वाटून घ्यायला शिकवणारं पहिलं यमक तुझ्या मुलानं पुस्तक हातात धरायच्या आधीच ऐकलंय. हा घास चिऊचा, हा घास काऊचा. ज्या बाळाला अजून ‘माझं’ म्हणता येत नाही, त्याच्या ताटलीत आपण चिमणी-कावळ्याचा वाटा काढून ठेवतो! जेवण शेवटी त्याच्याच पोटात जातं, ही त्यातली गंमत. आणि शाळेतल्या पोरी पेपरमिंटची एकच गोळी फ्रॉकच्या टोकात गुंडाळून, ‘चिमणीच्या दातांनी’ कुटकन मोडून दोघीत खायच्या, ते आठवतं? कापड मध्ये असलं की उष्टं होत नाही, हा सगळ्यांना मान्य असलेला कायदा. चिमणीला दात कुठं असतात, असं मला एकतीस वर्षांत एकाही पोरीनं विचारलं नाही. तुझ्या मुलाला आणि शेजारच्याला हे शिकवलंयस का? नसेल तर उद्याच शिकव. एक चिक्की दे, दोन नको.

आता यमकाचं. यमक असलेलं पुस्तक लहान मुलांना का द्यावं, यावर लोक म्हणतात की ते गोड लागतं, पाठ होतं. ते आहेच. पण माझ्या मते त्याचा खरा उपयोग भांडणात होतो. चार वर्षांच्या मुलाला राग आला की पहिल्यांदा त्याचे शब्द पळून जातात. उरतो हात. हात उचलला जातो, दात लागतात. अशा वेळी ठेक्यात बसलेली ओळ असली तर ती कधी कधी हाताच्या आधी बाहेर पडते, कारण ती विचार करून आठवावी लागत नाही, तोंडच ती म्हणून टाकतं. म्हणून ती ओळ कसली आहे याला फार महत्त्व आहे. ‘वाटून घेणं किती छान’ ही ओळ मोठ्या माणसाची आहे, ती म्हणून मुलाला पुढं काहीच करता येत नाही. त्याला हवी असते मागायची ओळ, थांबायची ओळ, मोजायची ओळ. आणि हो, ‘नाही’ म्हणायचीसुद्धा ओळ.

आमच्या बालवाडीत लाकडी घोडा एकच होता आणि पोरं बावीस. तेव्हा मी एक तुकडा रचला होता. कवयित्री वगैरे नाही हं मी, गरज पडली म्हणून:

एक दोन तीन चार,
तुझी फेरी झाली पार.
पाच सहा सात आठ,
आता सोड माझी वाट.
नऊ दहा अकरा बारा,
मागे बसून खाऊ वारा!

सगळी रांग मोठ्यानं म्हणायची आणि बारा झाले की घोड्यावरचा मागं सरकायचा, नवा पुढं. उतरायचं नाही, मागं सरकायचं. तेवढ्यानं उतरण्याचं दुःख निम्मं व्हायचं. आठवडाभर छान चाललं. मग पोरांनी ‘नऊदहाअकराबारा’ एका दमात म्हणायला सुरुवात केली आणि भांडणं मोजण्याच्या वेगावरून व्हायला लागली. मला ती प्रगती वाटली. आधी घोडा कुणाचा यावर भांडायची, आता मोजायचं कसं यावर. साखर पेठेतली, अशोक चौकाकडची पोरं असायची, मराठीत वेग वाढला की कुणीतरी ‘ओकटि, रेंडु, मूडु’ सुरू करायचं, कुणी ‘ओंदु, एरडु’. तेलुगू-कानडीत मोजताना बाकीच्यांना घाई करता यायची नाही, मग आपोआप वेग उतरायचा. तुमच्याकडं शेजारचा आहेच, त्याच्याकडून तेलुगूत बारापर्यंत शिकून घ्या दोघं.

इंग्रजी पुस्तकं टाकून दे असं मी म्हणणार नाही. त्याला ती आवडतात, चित्रं चांगली असतील, आत्यानं प्रेमानं आणलीत. आणि रोज एकच पुस्तक मागतो म्हणून वैतागू नकोस. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. काही मुलांना नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले, काहींना तेच शब्द एकाच गोष्टीतून पुन्हा पुन्हा. पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्यांना ते शब्द जास्त चांगले आले. तेव्हा डोळे मिटून म्हणता येत असेल तर डोळे मिटून म्हण, हरकत नाही.

मात्र इंग्रजी यमकांची मराठी भाषांतरं घेताना दहा वेळा विचार कर. ‘सामायिक करणे असे छान, मित्रांमध्ये वाढतो मान’ असल्या थाटाची पुस्तकं मी पुष्कळ चाळलीत. (ही ओळ मीच आत्ता नमुन्यादाखल पाडली, पण दुकानात गेलीस की हिच्या बहिणी भेटतील.) कुठल्या घरातलं पोर ‘सामायिक’ म्हणतं? ते सातबाऱ्यावरचं आणि भिंतीच्या वादातलं प्रकरण. कथा एका भाषेतून दुसरीत आणता येते, चित्र तर तसंच्या तसं येतं. यमक येत नाही, ते त्या भाषेतच नव्यानं रचावं लागतं, आणि ते करायला बऱ्याचदा कुणाला वेळ नसतो.

तू नावं मागितलीस. यादी देत नाही, कारण तुझ्या मुलाला मी पाहिलेलं नाही आणि यादी हातात आली की आया दुकानात पुस्तक उघडूनही बघत नाहीत. कुठं बघायचं ते सांगते. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची लहान मुलांची चित्रपुस्तकं मूळ मराठीत विचार करून केलेली असतात. भाषा घरातली, चित्रातली घरंही आपली वाटतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त असते. प्रथम बुक्स ही संस्था 2004 पासून परवडणाऱ्या किमतीत भारतीय भाषांतली मुलांची पुस्तकं काढते. 2015 मध्ये त्यांनी स्टोरीविव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथली पुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून छापूनही घेता येतात. तिथं पातळ्या असतात, तू पहिल्या पातळीपासून बघ. तुझ्यासाठी त्यात एक खास सोय आहे. अनेक पुस्तकं तिथं मराठीत आहेत आणि तेलुगूतही. चित्रं तीच. एक पुस्तक तू मराठीत वाच, शेजारच्याच्या आईला सांग, तेच तेलुगूत वाच म्हणावं. दोन पोरांच्या डोक्यात एकच गोष्ट असली की खेळायला एक सामायिक… बघ, तोच शब्द आला! खेळायला दोघांचं मिळून एक जग तयार होतं. आणि पैसे घालायच्या आधी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन मुलांच्या पुस्तकांची चौकशी कर. चार पुस्तकं घरी आणून बघावीत, त्यानं परत द्यायला नकार दिला तेच विकत घ्यावं.

निवडताना मी काय करते? उभ्या उभ्या दोन पानं मोठ्यानं वाचते. लाजायचं नाही, दुकानदाराला सवय होते. मांडीवर ठेका धरायचा. दुसऱ्यांदा वाचतानाही जीभ त्याच जागी अडखळली तर पुस्तक खाली ठेवायचं. मग मजकुरावर तळवा ठेवून नुसती चित्रं बघते. कोण रुसलंय, कशावरून रुसलंय, हे चित्रातनंच कळलं पाहिजे, कारण तुझा मुलगा पुस्तक तसंच वाचणार आहे. आणि शेवटी, न देणाऱ्याचं काय केलंय ते बघते. न देणारा नुसता वाईट, दात काढलेला, शेवटी एकटा पडून रडणारा असेल तर मी ते पुस्तक घेत नाही. न देणाऱ्यालाही कारण असतं. ट्रक नवा आहे, परवा याच मित्रानं त्याच्या दुसऱ्या गाडीचं चाक मोडलं होतं, आई सारखी त्याचीच बाजू घेते. ही कारणं ज्या पुस्तकाला दिसतात ते चांगलं पुस्तक.

ससे-कासवं-अस्वलं यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मैत्रीच्या पुस्तकांत माणसाचं पोर क्वचित दिसतं, सगळे प्राणी. टोरांटोच्या संशोधकांनी 2017 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्ट एकच, वाटून घेण्याची. एका गटाला ती कपडे घातलेल्या प्राण्यांच्या चित्रांतून वाचून दाखवली, दुसऱ्या गटाला त्याच गोष्टीत माणसांची चित्रं. नंतर मुलांना मिळालेल्या स्टिकरमधले किती दुसऱ्या मुलांसाठी ठेवतात ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांनी जास्त दिले नाहीतच, उलट थोडे कमी दिले. मला याचं नवल वाटलं नाही. ससा गाजर देतो, ते सशाचं बघून घेईल, माझा ट्रक माझ्याकडं! म्हणून प्राण्यांची पुस्तकं बंद करू नकोस, ती मजेसाठी हवीतच. पण ट्रकबद्दल काही सांगायचं असेल तर ट्रक धरलेलं पोर चित्रात असू दे.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी भांडण झालं की पुस्तक काढायची. ‘बघ बघ, हा मुलगा कसा देतो. आणि तू?’ एक मुलगी होती, गुणी, शांत. मी असं म्हटलं की लगेच वस्तू सोडायची. मला वाटायचं किती लवकर शिकली. एकदा मी पाठ वळवून फळा पुसत होते आणि काचेच्या कपाटात मला मागचं दिसलं. तिनं दिलेली बाहुली तिनं झटकन ओढून घेतली, त्या दुसऱ्या मुलीला चिमटा काढला आणि पुन्हा शांत बसली. माझ्यासमोर द्यायचं, माझ्यामागं घ्यायचं, हे मी शिकवलं होतं. शिवाय झालं काय, तिला पुस्तकांची अढी बसली. पुस्तक काढलं की ही तोंड फिरवायची. पुस्तकाचा मी पोलीस केला होता.

म्हणून भांडण चालू असताना पुस्तक नको. पुस्तक रात्री, पोट भरलेलं असताना, मांडीवर. आणि वाचून झाल्यावर ‘मग यातून काय शिकलास?’ हा प्रश्न तर कुणीच कुणाला विचारू नये, मला अजूनही तो ऐकला की शाळेतला घाम फुटतो. त्याऐवजी मध्येच एखाद्या चित्रावर थांब. ‘याचं तोंड असं का झालंय?’ एवढं विचार आणि गप्प बस. उत्तर तू देऊ नकोस. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी 2013 मध्ये दीड-दोन वर्षांची मुलं आणि त्यांचे आईबाप चित्रांची पुस्तकं बघतात ते पाहिलं. जे आईबाप चित्रातल्या मुलाला काय वाटतंय हे मुलांनाच सांगायला लावायचे, त्यांची मुलं मदत करण्यात आणि देण्यात पुढं होती. आईबापांनी स्वतःच सगळं समजावून सांगण्याचा तसा संबंध दिसला नाही. तुझा मुलगा म्हणेल, ‘त्याचं पोट दुखतंय.’ म्हणू दे. पुढच्या आठवड्यात वेगळं म्हणेल.

सासूबाईंचे रट्टे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्या पिढीला दुसरं कुणी काही सांगितलं नव्हतं. पण रट्टा देऊन ट्रक सुटेल, हात सैल होणार नाही. जबरदस्तीनं द्यायला लावलं की देण्याची सवय लागते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात उलट दिसतं. कॉर्नेल विद्यापीठात 2013 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उदास बाहुल्याला आपला स्टिकर द्यायचा की स्वतःला ठेवायचा, हे काही मुलांना स्वतः ठरवू दिलं, काहींना नुसतं द्यायला सांगितलं. ज्यांनी स्वतः ठरवून दिला होता, त्यांनी पुढच्या खेळात नव्या बाहुल्यालाही जास्त दिले. तेव्हा ‘नाही देणार’ म्हणायची मुभा असल्याशिवाय ‘देतो’ला किंमत येत नाही. आपल्याकडं पाहुण्यांचं पोर आलं की आपण आपल्या पोराच्या हातातलं काढून त्याला देतो, ‘दे की, तू शहाणा हायस ना’ म्हणतो. तुझी साडी जाऊबाई न विचारता नेसून गेली तर तू किती शहाणी राहशील?

घरात एक डबा ठेव. न देण्याचा डबा. त्यात त्याच्या तीन वस्तू, त्यानंच निवडलेल्या. शेजारचा यायच्या आधी त्या तीन वस्तू डब्यात, डबा कपाटावर. त्यावर कुणी काही बोलायचं नाही, सासूबाईंनीही नाही. बाहेर जे उरेल ते दोघांचं. ट्रक पहिला महिना डब्यात जाईल बहुतेक. जाऊ दे.

आणि सासूबाईंना कामाला लाव. त्यांच्या तोंडात जेवढी बडबडगीतं असतील तेवढी कुठल्या दुकानात मिळायची नाहीत. दुपारी ऊन चाळीस-बेचाळीसला गेलं की पोरं कूलरच्या खोलीत अडकतात, तेव्हाच सगळी मारामारी होते. त्या वेळी दोघांना आजीच्या मांडीजवळ बसव, म्हणावं घास काढताना चिऊ-काऊच्या जागी दोघांची नावं घाला. रट्टे आपोआप मागं पडतील, हात कालवणात गुंतलेले असतील.

शेवटचं, आणि यात तुला सगळ्यात मजा येईल. एक पुस्तक घरी कर. दहा-बारा पानं पुरे. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा मिळतो, साखर पेठेत यंत्रमागाचं जाड सूत कुणाकडंही मिळेल, त्यानं मधोमध शीव. चित्रं तुला येत नसतील तर मोबाइलवर दोघांचे फोटो काढून चिकटव. ट्रक डोक्यावर धरून पळतानाचा फोटो पहिल्या पानावर पाहिजेच. दोन-दोन ओळी लिही, यमक जुळलं नाही तर पोरांना विचार, त्यांना जुळवता येतं. गच्चीवरच्या चादरीचं एक पान कर, ती कुणी किती ओढली त्याचं. मी सुरुवात करून देते:

तू ओढलीस, मी ओढली,
चादर मध्येच ओरडली…

ती काय ओरडली ते तुम्ही तिघं ठरवा. आणि शेवटचं पान कोरं ठेव. त्याला विचार, या पानावर ट्रकचं काय होतं? जे सांगेल ते तसंच्या तसं लिहायचं. ‘देणार नाय जा बे’ म्हणाला तरी तेच लिहायचं, आणि खाली तारीख घालायची.